काळी पिकवते, पांढरी सांगते

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं)

ताई-मावश्यांनो, वहिनींनो आणि शाळेतून येऊन दप्तर टाकल्याबरोबर रेडिओजवळ बसलेल्या मुलींनो!

आज मी हातात एक वस्तू घेऊन बोलायला बसले आहे. रेडिओवर ती तुम्हाला दिसणार नाही, म्हणून सांगते. खापराचा तुकडा आहे, बिस्किटाएवढा. एक बाजू लालसर, तिच्यावर काळ्या रंगाच्या तीन तिरप्या रेघा. दुसरी बाजू मातकट. कडा घासून घासून गोल केलेल्या. त्या मीच केल्या, आठ-नऊ वर्षांची असताना. कशाला? ठिकरी खेळायला!

तुम्हीही खेळला असाल. अंगणात काडीनं चौकोन आखायचे, ठिकरी टाकायची आणि लंगडी घालत एकेक घर घ्यायचं. ठिकरी चांगली हवी, जड हवी, घरंगळायला नको. माझं माहेर तापीकाठचं. आमच्याकडे चांगलं खापर मिळायचं ते गावाबाहेरच्या पांढरीवर. पहिला पाऊस पडून गेला की माती धुपायची आणि खापरं वर यायची. आम्ही मुली ओटीत भरून आणायचो. आई म्हणायची, "काय घाण घरात आणतेस!"

त्या घाणीबद्दलच मला आज बोलायचं आहे.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत. पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. काळीला आपण आई म्हणतो. पण पांढरीला पांढरी का म्हणतात, हा विचार आपण करत नाही.

मातीचं घर पडतं, तेव्हा त्याची माती तिथंच राहते. चुलीची राख, गोठ्यातलं शेण, फुटकी मडकी, हाडकं, कोंडा, सगळं आसपासच पडतं. त्यावर पुढची पिढी नवं घर बांधते. ते पडलं की त्यावर तिसरं. शंभर वर्षं, पाचशे वर्षं, हजार वर्षं असं चाललं की गावाखालची जमीन उंच होत जाते आणि राखेनं, चुन्यानं पांढुरकी दिसू लागते. माणसं कधी पुरामुळे, कधी रोगराईमुळे, कधी दुसरीकडे पाणी बरं म्हणून उठून जातात. मागं टेकाड उरतं. तीच जुनी पांढरी.

तुम्ही जमीन सारवता, भिंती पोतारता. कधी जुनी भिंत पाडताना बघितलंय का? पोपड्यावर पोपडा निघतो. हा यंदाच्या दिवाळीचा, हा लग्नाच्या वेळचा, हा सासूबाईंच्या काळातला. सगळ्यात वरचा नवा, सगळ्यात खालचा जुना. पांढरीचंही तसंच असतं. पुरातत्त्व खात्याची माणसं, म्हणजे जमिनीतल्या जुन्या खुणांचा अभ्यास करणारी माणसं, दुसरं काही करत नाहीत. ती हे पोपडे एकेक करून, हलक्या हातानं सोडवतात आणि कोणत्या पोपड्यात काय सापडलं ते लिहून ठेवतात.

प्रकाशाची पांढरी

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. शहादा तालुक्यातलं प्रकाशा तुम्हाला माहीत आहे. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं दर्शन, दक्षिण काशी. घरातल्या माणसाच्या अस्थी घेऊन आपण तिथं गेलेलो असतो. पण संगमाजवळ एक मोठी जुनी पांढरी आहे, आणि हिंदुस्थानातल्या जुन्या वस्त्यांच्या अभ्यासात तिचं नाव आहे, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही.

१९५५ साली भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यानं तिथं खोदकाम केलं. बी. के. थापर नावाचे अधिकारी प्रमुख होते. पुढे ते सगळ्या देशाच्या खात्याचे प्रमुख झाले. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो १९९८ साली १ जुलैला झाला. १९५५ साली आपण मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होतो.

त्या खोदकामात पांढरीचे चार मोठे काळ निघाले. सगळ्यात खालचा, म्हणजे पहिली वस्ती, इ.स.पूर्व सुमारे १७०० ची. आजपासून मागं मोजलं तर जवळजवळ ३,७०० वर्षं. तेव्हा लोखंड माहीत नव्हतं. थोडं तांबं होतं, आणि रोजच्या कापाकापीला गारेच्या दगडाची बारीक धारदार पाती होती. त्यावरच्या थरात लोखंड आलं, इ.स.पूर्व सुमारे ६०० च्या पुढं. त्यावर सातवाहनांचा काळ आणि त्याच्या पुढचा. सगळ्यात वरचा थर साधारण इ.स.च्या अकराव्या शतकापर्यंत येतो. शिवाजी महाराजांच्या आधी साडेपाचशे वर्षं ही पांढरी संपते, आणि सुरू होते ती गौतम बुद्धांच्याही आधी हजारावर वर्षं.

त्या सगळ्यात खालच्या थरात काय सापडलं? राजाचा मुकुट नाही, तलवार नाही. सापडली ती भांडी. गाडग्या-मडक्यांची खापरं, ढिगानं. मणी. दगडी पाती. म्हणजे घरातलं सामान.

धुळ्याच्या संग्रहालयात

मागं आमच्या बचत गटातल्या बायका मिळून धुळ्याला गेलो होतो. आपल्या खानदेशात जुन्या वस्तू आणि कागद जपणारी मोठी जागा म्हणजे धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे मोठे इतिहास-अभ्यासक. त्यांनी गावोगाव फिरून, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या फडताळातून जुने कागद गोळा केले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं त्यांचे २२ खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले. त्यांची दप्तरं वाळवीच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून धुळ्याच्या लोकांनी लगेच, ९ जानेवारी १९२७ रोजी, हे मंडळ काढलं. माणूस गेल्यावर दहा दिवसांच्या आत! आपल्याकडे दहाव्याला कावळ्याला पिंड ठेवतात. या लोकांनी दहाव्याच्या आत एका माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टांना छप्पर दिलं.

तिथं जुने कागद आहेत, पोथ्या आहेत, नाणी आहेत, दगडी मूर्ती आहेत. आम्ही हळूहळू बघत होतो. आमच्यातली एक मावशी, शाळेत कधी न गेलेली, पण बोलायला खमकी, मला म्हणाली, "पोरी, हे सगळं राजाचं, देवाचं नाहीतर शिकलेल्या माणसाचं. यात आपलं काय आहे?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. खरंच, कागद लिहिला तो लिहिता येणाऱ्यानं. नाणं पाडलं राजानं. ताम्रपट दिला राजानं, घेतला त्यानं ज्याला जमीन मिळाली. ज्या बाईनं त्या जमिनीत निंदणी केली, तिचं नाव कोणत्या ताम्रपटात असणार?

परतीच्या एसटीत मी विचार करत होते आणि मला माझी ठिकरी आठवली. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर कागदात नाही, खापरात आहे. कागद येण्याच्या आधीचा सगळा इतिहास हा भांड्यांचा, पाट्या-वरवंट्यांचा, मण्यांचा आणि दाण्यांचा आहे. म्हणजे ज्या वस्तूंवरून दिवसभर आपला हात फिरतो, त्यांचा.

खापर काय काय सांगतं

सोनं चोरीला जातं, वितळवलं जातं. लाकूड कुजतं, लुगडं कुजतं. तांबं पुन्हा ओतता येतं. पण भाजलेलं मडकं एकदा फुटलं की कुणाच्या कामाचं नसतं आणि मातीत हजारो वर्षं कुजत नाही. म्हणून अभ्यासकांना खापर सोन्याहून मोलाचं वाटतं. आपल्या खानदेशात खापराला मान आहेच. पुरणाची पोळी आपण तव्यावर नाही, खापरावर करतो!

दर काळाची भांडी वेगळी असतात. आजीच्या काळात पितळेची घागर, आईच्या काळात जर्मनची पातेली, आपल्या काळात स्टील, मुलींच्या काळात नॉनस्टिक. नुसतं भांडं बघून तुम्ही सांगाल, हे कोणत्या काळातलं घर. तसंच ते सांगतात. प्रकाशाच्या सगळ्यात जुन्या थरात नारिंगी-लालसर, वर काळसर रंगाची नक्षी काढलेली भांडी मिळाली. तशीच भांडी नर्मदेपलीकडे माळव्यात मिळतात, म्हणून त्यांना माळवा भांडी म्हणतात. त्यानंतर आली जोर्वे भांडी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावात ती पहिल्यांदा ओळखली गेली, म्हणून ते नाव. ती इतकी छान भाजलेली असतात की बोटानं वाजवली तर खणखणतात. त्यात तोटीचं भांडं असतं आणि मधे कंगोरा असलेली वाटी असते. तापीच्या खोऱ्यातल्याच सावळदा गावाचंही नाव एका भांड्याला मिळालं आहे. त्या भांड्यांवर मासे, जनावरं, बाणांची टोकं काढलेली असतात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या कवठे गावी सावळद्याची भांडी वापरणाऱ्या लोकांची वस्ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं खोदून काढली. तिथं जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेली घरं होती.

म्हणजे बघा, नर्मदेपलीकडचं भांडं तापीकाठी, प्रवरेकाठचं भांडं तापीकाठी. चार हजार वर्षांपूर्वीही आपला मुलूख आडबाजूचा नव्हता, वाटेवरचा होता.

मोठे रांजण मात्र चाकावरचे नसत. ते हातानं थापून करत. रांजणाच्या गळ्याशी मातीची पट्टी लावून ती बोटांनी दाबत जायचं, करंजीला मुरड घालतो तशी. अशा रांजणांच्या खापरांवर ती बोटं अजून उमटलेली दिसतात. मी पहिल्यांदा तसं खापर बघितलं तेव्हा माझं बोट नकळत त्या खळग्याकडे गेलं. नेमकं बसेल असं वाटलं.

आता दळणाचं बघा. आपल्याला वाटतं, जातं अनादि काळापासून आहे. तसं नाही. गरगर फिरणारं जातं आपल्याकडे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात दिसू लागतं. त्याच्या आधी पाट्यासारख्या लांबट, मधे खोलगट दगडावर दुसरा दगड पुढं-मागं रगडून पीठ करत. गुडघे टेकून, कंबर वाकवून, पायाची बोटं मुडपून. सिरिया देशात अबू हुरेरा नावाच्या फार जुन्या गावात माणसांचे सांगाडे मिळाले. अभ्यासकांना त्यातल्या बायकांच्या पायाच्या अंगठ्यांची, गुडघ्यांची आणि कमरेच्या मणक्यांची हाडं झिजलेली दिसली. तासन्तास गुडघ्यावर बसून दळल्याची ती खूण. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीच्या बायकांची कंबरदुखी आज वाचता येते! आमच्या मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपली हाडंच आपला कागद म्हणायची."

काय खात असतील ती माणसं? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं. जोर्वे भांडी वापरणाऱ्यांचंच ते गाव. तिथल्या जळक्या दाण्यांत जव सगळ्यात जास्त मिळाला. गहू, मसूर, वाटाणाही मिळाला. मिरची नव्हती. मका नव्हता. शेंगदाणा नव्हता. हे तिन्ही अमेरिकेतून आपल्याकडे आले, गेल्या सुमारे पाचशे वर्षांत. शेंगदाण्याशिवाय आणि मिरचीशिवाय खानदेशी स्वयंपाक! विचार करून बघा.

आणि मणी. लाल अकीक, शंख, शिंपले. लाल अकीकाचा दगड मिळतो गुजरातेत भरुचकडे, रतनपूरच्या खाणींत. शंख-शिंपले समुद्रातले, आणि आपली तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते. काठीच्या होळीला नटून जाणाऱ्या आपल्या मुलींच्या गळ्यात मण्यांच्या माळा असतात. ही हौस किती जुनी, सांगू? जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे गावी एस. ए. साळी यांनी खोदकाम केलं. तिथं शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे मणी मिळाले आणि एका कवचीवर रेघांची नक्षी कोरलेली मिळाली. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा शेती नव्हती, मडकं नव्हतं, गाव नव्हतं. पण मणी होता.

एक गोष्ट सांगताना माझा आवाज जरा जड होतो. इनामगावात घरांच्या जमिनीखाली लहान लेकरं पुरलेली मिळाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत लेकरू. आपण तान्हं बाळ गेलं तर त्याला गावापासून लांब नेतो. त्या आयांनी ती आपल्या घरातच, चालत्या-फिरत्या जमिनीखाली ठेवली. का, त्याला नाव काय द्यायचं, ते विद्वानांनी ठरवावं. मला एवढंच कळतं की कुणाला तरी ते लेकरू लांब जायला नको होतं. त्याच गावात एका घराच्या जमिनीत मातीची डबी मिळाली, आणि डबीत एका बाईची मातीची मूर्ती. मूर्तीला डोकं नाही. ती देवी असावी असं अभ्यासक म्हणतात. एक घर, एक चूल, एक देवी, एक गेलेलं लेकरू. मावशी, तुम्ही विचारलं होतं, यात आपलं काय आहे. हे आपलं आहे.

छबू लक्ष्मण भिल्ल यांची गोष्ट

हे संग्रहालयापर्यंत पोचतं कसं? सगळंच काही मोठ्या साहेबांना सापडत नाही.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथले शेतकरी छबू लक्ष्मण भिल्ल एका झुडपाच्या मुळाशी खणत होते. त्यांना चार वस्तू मिळाल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस. एक हत्ती. एक गेंडा. एक रेडा. सगळं धातूचं, भरीव, ओतीव. आज दायमाबादच्या या वस्तू आपल्या देशाच्या ठेव्यात गणल्या जातात, दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संग्रहालयांत ठेवलेल्या आहेत, आणि जगभरच्या पुस्तकांत त्यांची चित्रं छापलेली आहेत. त्या पुस्तकांत छबू लक्ष्मण भिल्ल हे नाव आहे. आपल्या लोकांचं नाव इतिहासात कुठं आहे, असं कुणी विचारलं तर हे एक सांगा.

पण या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे. त्या वस्तू खोदकामात, थर सोडवता सोडवता निघालेल्या नव्हत्या. म्हणून त्या नेमक्या किती जुन्या, यावर अभ्यासकांत मतभेद झाले. साळी आणि इतर काहींनी त्या सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या; काहींनी शंका घेतली. नंतर दायमाबादला साळींनी कितीतरी हंगाम खोदकाम केलं, तिथल्या वस्त्यांचे थर एकावर एक उलगडून दाखवले. पण रथ ज्या मातीत होता ती माती पुन्हा तशी बघायला मिळाली नाही. वस्तू वाचली, पण तिचा पत्ता निम्मा हरवला.

यात त्या शेतकऱ्याची चूक काडीची नाही. शेतात काम करताना वस्तू अशीच मिळते. पण यातून आपण शिकायचं ते हे की वस्तूइतकीच तिची जागा मोलाची असते.

माझ्या ठिकरीचा पत्ता

धुळ्याहून आल्यावर मी माहेरी गेले. आईच्या जुन्या पेटीत, बांगड्यांच्या डब्यात ठिकरी मिळाली. जुन्या वस्तूंची जाण असलेल्या एका गृहस्थांना ती दाखवली. त्यांनी ती उन्हात धरली, रेघा बघितल्या, कड बघितली. मग विचारलं, "कुठं मिळाली?" मी गावाचं नाव सांगितलं. "पांढरीच्या कोणत्या बाजूला? किती खोल? बरोबर अजून काय होतं?" मला काय माहीत! मी आठ वर्षांची होते. ते म्हणाले, "चला, पांढरी तरी बघू."

बघायला पांढरी नव्हती. आधी सगळे गाडीनं न्यायचे, मग ट्रॅक्टरनं न्यायला लागले, मग जेसीबी आला. पांढरीची माती खताची, शेतात टाकली की पीक जोर धरतं. कुणी घराच्या भरावाला नेली. आम्ही बायकांनी पोतारायला टोपलीटोपलीनं नेली, माझ्या आईनंही. एकट्या कुणाचा दोष नाही. पण टोपलीनं शंभर वर्षांत जेवढं गेलं नसतं तेवढं यंत्रानं दोन उन्हाळ्यांत गेलं. आज तिथं सपाट जमीन आहे, कापूस उभा आहे.

ते गृहस्थ काही बोलले नाहीत. ठिकरी माझ्या हातात परत देताना एवढंच म्हणाले, "तुकडा जुना वाटतो. पण पत्ता नसलेल्या पत्रासारखा झाला."

तेव्हा मला कळलं की आमच्या गावाचं प्रकाशा आता कधीच होणार नाही. खाली काय होतं, कुणाची चूल होती, कुणाचं लेकरू होतं, ते आता कुणी सांगू शकत नाही. पुस्तकाची पानं आम्ही शेतात पसरून टाकली.

आपण काय करायचं

नुसतं हळहळून उपयोग नाही. आपल्या हातात काय आहे ते सांगते.

पहिलं. गावाची जुनी पांढरी कोणती, हे बचत गटाच्या बैठकीत म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्यांना नक्की माहीत असतं. कुठं खापरं निघतात, कुठं जुनी विहीर होती, कुठं दगडी देव आहेत, ते वहीत लिहा. गटाची वही असतेच, मागची चार पानं त्याला द्या.

दुसरं. शेतात, पायाच्या खोदकामात, विहिरीत काही जुनं दिसलं तर उचलायची घाई करू नका. मोबाइलवर फोटो काढा, वस्तू जमिनीत असतानाच काढा. शेजारी हात किंवा काडी ठेवा म्हणजे आकार कळतो. तारीख, शेताचा गट नंबर, किती खोल, ते लिहा. मग ग्रामपंचायतीला, तलाठ्याला, तहसीलला कळवा.

तिसरं. सांगितलं तर सरकार सगळं घेऊन जाईल, वर चौकशी मागं लागेल, अशी भीती वाटते. म्हणून लोक लपवतात, आणि मग मूर्ती-नाणी रातोरात कुणा व्यापाऱ्याच्या हाती पडतात. कायदा काय म्हणतो ते ऐका. जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा कायदा १८७८ सालचा, इंग्रजांच्या काळातला आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर शिक्षा आहे. पण कळवलं तर सापडवणाऱ्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. सरकारनं ठेवा घेतला तर त्याची किंमत आणि वर पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. १९७२ सालचा दुसरा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, अशी वस्तू देशाबाहेर नेऊन विकणं त्यानं गुन्हा आहे. कळवताना अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, तिच्यावर पोच घ्या. आपल्या बायका अर्ज देतात, पोच मागायला लाजतात. लाजू नका.

चौथं, आणि हे सगळ्यात मोठं. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर आणि आपल्या जिल्ह्यातली कितीतरी गावं पेसा कायद्यात येतात. १९९६ सालच्या त्या कायद्यानं गावाची परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामाईक साधनं जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. माती-मुरूम अशा गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. मग गावच्या पांढरीवरून यंत्रानं माती उचलायची नाही, असा ठराव ग्रामसभेत का मांडू नये? दारूबंदीचे ठराव आपण मांडले. हाही मांडू. पोतारायला टोपलीभर माती लागली तर ती गाळाची आणू, ओढ्याची आणू.

पाचवं. एकदा तरी मुलींना घेऊन संग्रहालय बघा. धुळ्याला जा. एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट आहे. आधी फोन करून वेळ विचारा. मुंबई-पुण्याला कामानिमित्त गेलात तर तिथलंही बघा. काचेआडच्या मडक्यासमोर उभ्या राहिलात तर पुढं निघून जाऊ नका. मुलींना सांगा, हे कसं घडवलं असेल, कसं भाजलं असेल, यात काय शिजलं असेल. तिथल्या कागदावर जे लिहिलेलं नसेल ते तुम्हाला माहीत असतं.

माझी ठिकरी मी आता एका लहान पिशवीत ठेवली आहे. पिशवीत एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर लिहिलं आहे: गावाचं नाव, तापीकाठची पांढरी, पावसानंतर वर आलेलं खापर, खेळायला घेतलं, कडा घासल्या आहेत, पांढरी आता नाही. अर्धाच पत्ता आहे, पण कोरा नाही.

पुढच्या बैठकीत तुमच्या गावचं एखादं खापर आणा, पूर्ण पत्त्यासह आणा. आणि तुमच्या पांढरीबद्दल आजी काय सांगते, ते आम्हाला कळवा. पुढच्या एका कार्यक्रमात आपण तेच वाचून दाखवू.

येते मी. नमस्कार, जोहार, राम राम!